ओळख न दाखवणाऱ्या बाई

फ्रीमाँटच्या आमच्या इंडियन ग्रोसरीत शनिवारी सकाळी जितकी मराठी माणसं भेटतात, तितकी मला सांगलीतही एका सकाळी भेटत नसत. कोथिंबीर निवडता निवडता कोणाच्या आईवडिलांचा व्हिसा, कोणाच्या मुलाचं कॉलेज आणि कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन एवढं सगळं ऐकूनच माणूस बाहेर पडतो. याच दुकानात आमच्या बाई गेली पंचवीसेक वर्षं दर शनिवारी येतात आणि एकाही माणसाला ओळख दाखवत नाहीत.

समोरून कोणी "नमस्कार" म्हणालं तर त्या साबुदाण्याच्या पाकिटावरचं बारीक अक्षर वाचायला लागतात. दोनदा हाक मारली तर ट्रॉली वळवून लोणच्यांकडे जातात. गावातल्या मराठी मंडळींचं त्यांच्याबद्दलचं मत त्यामुळे एकदा ठरलं ते ठरलंच. शिष्ट बाई. मीही इथे नवीन आले तेव्हा हेच ऐकलं आणि तसंच मानलं.

पुढे त्यांच्याच हाताखाली काम करायची वेळ आली. बाई म्हणजे आमच्या संस्थेतल्या, लोकांचं समुपदेशन करणाऱ्या सर्वांत जुन्या सोशल वर्कर. मुंबईत समाजकार्य शिकलेल्या, इथे येऊन पुन्हा पहिल्यापासून सगळं शिकलेल्या, लग्न न केलेल्या. ऑफिसातले अमेरिकन लोक त्यांना पहिल्या नावाने हाक मारत. माझ्या तोंडून ते नाव काही निघेना, म्हणून मी शाळेतल्यासारखं "बाई" म्हणायला लागले आणि त्यांनी ते चालवून घेतलं.

आमच्याकडे पदवी घेतली की लगेच लायसन्स मिळत नाही. आधी लायसन्स असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली तीन हजार तास काम करायचं. दर आठवड्याला त्या माणसाबरोबर एक तास बसून आपल्या कामाची उलटतपासणी करून घ्यायची आणि तासांच्या तक्त्यावर त्याची सही घ्यायची. हे सगळं राज्याच्या बोर्डाकडे पाठवल्यावर मग परीक्षा. माझ्या तक्त्यावर सही करणाऱ्या त्या बाई.

पहिल्याच शनिवारी मी दुकानात त्यांना पाहून आनंदाने "बाई!" अशी हाक मारली. त्यांनी साबुदाणा वाचायला घेतला. मी भलतीच दुखावले. मंगळवारी त्यांच्या खोलीत गेले तर म्हणाल्या, "तू माझी क्लायंट नाहीस, हे मला माहीत आहे. तुझ्यामागे भेंडी निवडत कोण उभं होतं, ते तुला माहीत होतं का?"

"नाही."

"मी तुझ्याशी बोलले असते आणि तिच्याशी बोलले नसते, तर दुकानातल्या चारचौघींनी काय समजायचं ते समजलं असतं. म्हणून मी कोणाशीच बोलत नाही. सोपं पडतं."

हे त्यांनी "मी साखर घेत नाही" म्हणावं अशा स्वरात सांगितलं. त्यामुळे त्या हळदीकुंकवाला जात नसत, मंडळाच्या गणपतीला जात नसत, कोणाच्या घरी मुंज-बारशाला जात नसत. ज्यांच्या घरचं दुखणं आपल्याला ठाऊक आहे, त्यांच्या पंगतीला बसून जेवायचं नाही, असा त्यांचा हिशेब होता. पंचवीस वर्षं एका गावात राहून ज्यांना कोणी वाढदिवसाला फोन करत नाही अशा त्या एकट्याच असाव्यात. मला तेव्हा याचं वाईट वाटलं नाही. विक्षिप्तपणा वाटला.

त्यांच्या टेबलावर एक स्वयंपाकघरातला टायमर असे, पिळायचा, टिकटिक करणारा. आमचा तास म्हणजे साठ मिनिटं. मध्ये मी नवऱ्याबद्दल किंवा मुलीबद्दल काही बोलले की बाई टायमर थांबवत, सगळं नीट ऐकून घेत, मग म्हणत, "झालं? आता क्लायंट," आणि टायमर पुन्हा सुरू. एकदा मी मुलीच्या तापाबद्दल बोलत होते, त्या दिवशी आमचा तास संपायला ऐंशी मिनिटं लागली. सही शाईच्या पेनाने, त्या आठवड्याची त्याच आठवड्यात. दोन आठवड्यांची एकदम मागितली तर म्हणत, "शिळी सही मी करत नाही."

आणि एक वाक्य तर दिवसातून दहादा. कोणीही "बोर्डाचा असा नियम आहे" म्हणालं, की चष्म्यावरून बघत विचारायच्या, "वाचलंस की ऐकलंस?" नव्वद टक्के वेळा ऐकलेलंच असे. मग त्या ड्रॉवरमधून कायद्याची प्रत काढत. प्रत पिवळ्या रेघांनी इतकी भरलेली असे, की रेघ नसलेली ओळ शोधावी लागे.

मंडळात एक निवृत्त इंजिनिअर काका होते. मनाने फार चांगले. नवराबायकोच्या भांडणात मध्यस्थी करायचे आणि वरून चहा पाजायचे. त्यांनी व्हिजिटिंग कार्ड छापून घेतलं आणि नावाखाली "फॅमिली काउन्सेलर" असं घातलं. कोणीतरी ते कार्ड आमच्या संस्थेत आणून दिलं. बाईंनी त्यांना फोन केला. मी समोर बसले होते.

"काका, सल्ला द्या, चहा द्या. पण हे नाव लायसन्सशिवाय लावता येत नाही."

पलीकडून काका म्हणाले असावेत, की मी फुकट करतो.

"फुकट केलं तरी," बाई म्हणाल्या. "डॉक्टरने फुकट कापलं तरी तो डॉक्टर असावा लागतो ना?"

दुसऱ्या दिवशी पिवळी रेघ मारलेलं एक पान काकांच्या पत्त्यावर गेलं. काकांनी उरलेल्या सगळ्या कार्डांवरची ती ओळ काळ्या पेनाने खोडली. भांडणं मात्र ते अजून मिटवतात आणि चहाही पाजतात. बाईंचं त्याला काहीच म्हणणं नाही.

एवढ्यावरून त्या नुसत्या नियमांचं यंत्र वाटतील म्हणून एक गोष्ट सांगते. त्यातल्या आजींचा तपशील मी बदलला आहे. बाईंनी हे वाचलं तर पहिला प्रश्न तोच विचारतील. मुलाकडे राहायला आलेल्या या आजी काही महिने बाईंकडे येत होत्या. पहिले कित्येक आठवडे त्या बोलल्याच नव्हत्या, म्हणजे आजी. संक्रांतीला त्यांनी स्टीलचा डबा भरून तिळगूळ आणला. भेटवस्तूंच्या बाबतीत आमचे नियम कडक असतात. मी शिकायला म्हणून शेजारी बसायची; मनात म्हटलं, आता आजींना पिवळ्या रेघांचं पान मिळणार. बाईंनी डबा उघडला, एक वडी घेतली, आजींच्या समोर सावकाश खाल्ली, "गोड बोला" म्हणाल्या आणि डबा झाकण लावून परत दिला. आजी गेल्यावर फाइलमध्ये लिहिलं: तिळगूळ, एक वडी, प्रथेप्रमाणे, नकार दिल्यास नात्यास बाधा आली असती, उरलेले परत. आजी त्यानंतर बोलायला लागल्या.

आता माझी गोष्ट. ती सांगताना अजूनही माझा आवाज थोडा चढतो.

बोर्ड अर्ज पोचल्याच्या दिवसापासून मागे सहा वर्षं मोजतं. त्याआधी केलेले तास बाद. मी सहा वर्षांपूर्वी, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, सनीव्हेलच्या एका संस्थेत पूर्ण वेळ काम सुरू केलं होतं, आठवड्याला चाळीस तास. वर्षभराने दिवस गेले म्हणून ते सोडलं. पुढे मुलगी झाली आणि मी तीन वर्षं घरी होते. मग बाईंच्या हाताखाली आठवड्याला तीन दिवस, बावीस तास. हे सगळं जोडून माझे तीन हजार तास सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, बुधवारी, पुरे होत होते. पाच-सहा दिवस उशीर झाला की सनीव्हेलचे जुने तास गळायला लागणार होते: दर आठवड्याला पुढून बावीस मिळणार आणि मागून चाळीस जाणार. शिवाय संस्थेत एक वरची जागा रिकामी होती. अर्ज जाऊन परीक्षेचा मार्ग मोकळा झाला की ती तुझी, नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपर्यंत थांबते, असं डायरेक्टर मला म्हणाली होती.

तर बुधवारी तास भरले. गुरुवार माझा कामाचा वार नव्हता, पण मी बाईंच्या अखेरच्या सह्या घ्यायला सकाळीच गेले. बरोबर घरी केलेले पेढे होते. बाई आधीच येऊन बसलेल्या. टेबलावर टायमर नव्हता आणि पेनही नव्हतं.

"बस," त्या म्हणाल्या. "माझं लायसन्स शुक्रवारपासून काल दुपारपर्यंत बंद होतं."

मला आधी कळेचना. मग त्यांनी सांगितलं. आमचं लायसन्स दर दोन वर्षांनी, जन्ममहिन्याच्या शेवटच्या दिवशी संपतं. बाईंचा जन्म ऑगस्टातला, गोकुळाष्टमीचा. वाढदिवस त्या तिथीने पाळायच्या. दर दोन वर्षांनी गोकुळाष्टमीला उपास धरायचा, आंघोळ करून देवापुढे ठेवलेलं बोर्डाचं पाकीट उघडायचं आणि लायसन्सचं नूतनीकरण करायचं, हा त्यांचा गेल्या काही वर्षांचा नेम होता. नेम धरल्यापासून अष्टमी दर खेपेला ऑगस्टात आली होती. कधी चौदाला, कधी अगदी तिसाला, पण ऑगस्टात. त्या वर्षी अधिक श्रावण होता. अष्टमी सप्टेंबरात गेली, कालच्या बुधवारी.

"तिथी बरोबर होती," बाई म्हणाल्या. "तारीख चुकली."

"मग काल भरलंत ना? चालू झालं ना?"

"कालपासून झालं. मागचे दिवस भरून येत नाहीत. शुक्रवार, मंगळवार, बुधवार. तुझे बावीस तास माझ्या लायसन्सशिवाय झाले. त्यावर मला सही करता येत नाही."

"बाई, पाच-सहा दिवस. त्यात शनिवार, रविवार आणि लेबर डेची सुट्टी."

"हो."

"काम तर मी केलंच ना? मंगळवारी तुम्ही तासभर बसलात माझ्याबरोबर. टायमर लावून."

"बसले. शेजारीण येऊन बसते तशी बसले. त्याला सुपरव्हिजन म्हणत नाहीत."

मी मुळातच तापट आहे आणि त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर ती वरची जागा, माझी साडेचार वर्षांची मुलगी आणि गळणारे चाळीस-चाळीस तास असं सगळं एकदम उभं राहिलं. मी म्हटलं, "लायसन्सवर तारीख छापलेली असते, बाई. वाचली होतीत की ऐकली होतीत?"

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "पाठ होती. म्हणून वाचली नाही." आणि लगेच पुढे, "चूक माझी आहे. भोगणार तू आहेस. ते मला बदलता येत नाही."

मी पेढे तसेच उचलून घरी आणले. गाडीत खूप रडले. संध्याकाळी नवरा म्हणाला, "कमाल आहे यार. सही केली असती तर कोणाला कळलं असतं?" मीही तेच म्हणत होते. खरं तर तारीख बोर्डाच्या वेबसाइटवर कोणालाही दिसते आणि दिसत नसती तरी बाईंनी सही केली नसती, हे मला ठाऊक होतं. त्यामुळे राग आणखीनच आला.

बाईंनी त्याच दिवशी डायरेक्टरला लेखी कळवलं, बोर्डाला कळवलं, त्या दिवसांत ज्या क्लायंट्सना भेटल्या त्यांच्या फाइलमध्ये तशी नोंद केली. पुढे बोर्डाचं ताकिदीचं पत्र आलं. बाईंनी ते भिंतीवर आपल्या लायसन्सच्या शेजारी लावलं. डायरेक्टर म्हणाली, हे लावायची काही गरज नाही. बाई म्हणाल्या, गरज नाही, पण मनाईही नाही, मी वाचलंय.

शुक्रवारी मी कामावर गेले तर माझ्या टेबलावर चिठ्ठी: सनीव्हेलचे जुने तक्ते घेऊन ये. मी ते नेऊन दिले. दुपारी त्यांनी बोलावलं. तक्ते ओळीने मांडलेले होते आणि त्या पेन्सिलने खुणा करत होत्या.

"पूर्ण वेळ काम करशील? आठवड्याला चाळीस तास?"

"केलं तरी काय उपयोग? बोर्ड आठवड्याला चाळीसच्या वर धरत नाही. चाळीस येणार, चाळीस जाणार. बावीस कमी ते कमीच राहणार."

"बरोबर. सहा वर्षांपूर्वी डिसेंबरात तू कुठे होतीस? तीन आठवडे तक्ता कोरा आहे."

"भारतात. आत्तेबहिणीच्या लग्नाला."

"बरं झालं गेलीस," बाई म्हणाल्या. "त्या तीन आठवड्यांत मागून गळायला काहीच नाही. तोपर्यंत टिकून राहा. डिसेंबरात भरून निघेल."

लग्न सांगलीला झालं होतं आणि मी त्यात जेवण आणि झोप यांखेरीज काहीच केलं नव्हतं. त्या आळसाने सहा वर्षांनी मला वाचवलं.

पण तोवरचे तीन-सव्वातीन महिने सोपे नव्हते. मुलगी डे-केअरमध्ये सहापर्यंत राहायला लागली. मी पोचायची तेव्हा ती बहुतेक शेवटची उरलेली असायची, कोट घालून बसलेली. एकदा म्हणाली, "यू आर ऑल्वेज लास्ट, आई." वरची जागा थँक्सगिव्हिंगच्या आधीच दुसऱ्या कोणाला तरी गेली. मी बाईंशी क्लायंटखेरीज एक अक्षरही बोलत नव्हते. टायमर एकदाही थांबवावा लागला नाही. साठ मिनिटांत तास संपायचा, सही व्हायची, मी उठायची. बाईंनी मला समजवायचा प्रयत्न केला नाही, की आपल्या चुकीचा पुन्हा उच्चार केला नाही. फक्त भिंतीवरच्या तिथीच्या कॅलेंडरशेजारी बँकेतून मिळतं तसलं साधं कॅलेंडर आलं.

डिसेंबरच्या मध्याला तास भरले. बाईंनी सगळे कागद एकेक करून वाचले, एकेक सही केली, शाई वाळेपर्यंत थांबल्या आणि पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "आता तू माझ्या हाताखाली नाहीस."

मी पुन्हा पेढे नेले होते. राग गेला नव्हता, पण रिकाम्या हाताने जाववलं नव्हतं. मला वाटलं, एक घेतील, प्रथेप्रमाणे. त्यांनी तीन घेतले. एक तिथेच खाल्ला आणि दोन टिश्यूत गुंडाळून पर्समध्ये ठेवले. फाइलमध्ये काही लिहिलं नाही. खाली पार्किंगमध्ये येईपर्यंत माझ्या लक्षात आलं, की दीड वर्षात मी त्यांना कोणाच्याही हातचं एवढं खाताना पाहिलं नव्हतं. तेव्हा कुठे माझा राग उतरला आणि त्यांची फार माया वाटली.

उन्हाळ्यात परीक्षा झाली, लायसन्स आलं, मी दुसऱ्या संस्थेत लागले. माझे स्वतःचे क्लायंट सुरू झाले. ऑगस्टातल्या एका शनिवारी मी मुलीला घेऊन त्याच ग्रोसरीत गेले. भाज्यांपाशी एक बाई उभी होती, जिला मी दोनच दिवसांपूर्वी माझ्या खोलीत रडताना पाहिलं होतं. तिने मला पाहिलं आणि पटकन दुसरीकडे बघितलं. मी तूरडाळीच्या पिशवीवरची किंमत वाचायला लागले. किती वेळ वाचत होते कोण जाणे. मुलगी म्हणाली, "आई, व्हॉट आर यू डूइंग?"

मान वर केली तर पलीकडे बाई. ट्रॉलीत दुधी आणि साबुदाणा. त्यांनी माझ्यातून आरपार बघितलं आणि लोणच्यांकडे वळल्या. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मीही मेथीच्या दोन जुड्या उचलल्या आणि काउंटरकडे गेले.

गाडीत बसून मुलीचा बेल्ट लावतेय तोच फोन वाजला.

"मी बोलतेय," बाईंचा आवाज.

"बाई, कुठून बोलताय?"

"तुझ्या डावीकडे तिसरी गाडी. बघू नकोस."

मी अर्थातच बघितलं. त्या स्टिअरिंगवर एक हात ठेवून सरळ समोरच्या भिंतीकडे पाहत होत्या, फोन कानाला.

"ती मेथी जून आहे. देठ बघितलेस का? मागच्या खोक्यात कोवळी आहे, बदलून आण. आणि सोमवारी संध्याकाळी घरी ये फराळाला. मुलीला आण. गोकुळाष्टमी आहे, माझा वाढदिवस असतो."

"या वर्षी ऑगस्टातच आली का?"

"सव्वीसला," बाई म्हणाल्या. "वाचून सांगतेय."

फोन बंद झाला. त्यांची गाडी माझ्या गाडीजवळून गेली तेव्हा त्यांनी मान वळवली नाही. मी मुलीचा बेल्ट पुन्हा सोडला आणि आम्ही दोघी मेथी बदलायला आत गेलो.